नाय म्हाराजा

दादाशी माझं पटत नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण गेल्या गणपतीत त्याने जे केलं, त्यानंतर मी त्याच्या मुलुंडच्या घराची पायरी चढलेले नाही.

गावाकडे आमची राई आहे. बाबांच्या मागे ती आईच्या नावावर झाली. तिथे राखणदार देवाचा दगड आहे, म्हणून त्या झाडांना कुणी कोयता लावत नाही. दादाला ती रिसॉर्टवाल्याला विकायची होती आणि आई सही करायला कचरत होती. गणपतीत दादाच्या घरी आरतीनंतर काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. पोरांची लग्नं होऊ देत, व्हय म्हाराजा. गुडघे दुखायचे थांबू देत, व्हय म्हाराजा. त्याच सुरात काका म्हणाले, राईचा व्यवहार कुणाच्या आडकाठीशिवाय पार पडू दे. व्हय म्हाराजा, आम्ही सगळे म्हणालो. आईही, मीही. तोंडाला सवयच ती. काकांना दादाने आधीच पढवून ठेवलं होतं आणि स्वतः डोळे मिटून उभा होता, ढोंगी.

"आई देवासमोर हो म्हणालीय," प्रसाद वाटता वाटता तो मला म्हणाला. "आता तू मध्ये पडू नकोस."

आईने मान डोलावली. देवापुढे दिलेला शब्द मोडायचा नसतो, एवढंच ती घरी येईपर्यंत म्हणत राहिली.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात मोबाइलवरच्या खेळांसाठी गोष्टी लिहिते. आईशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून तिच्यासाठी एक छोटा खेळ केला. शाप लागलेलं जंगल, आणि त्यात गोड बोलून काही ना काही मागणारा एक मांत्रिक. आधी फांदी मागतो, मग झरा, शेवटी राखणदाराचा दगड. दर वेळी दोनच पर्याय: 'व्हय म्हाराजा' आणि 'नाय म्हाराजा'. व्हय म्हणत गेलं की जंगलाची राख होते. मांत्रिकाला मी दादाची मिशी लावली. सूड म्हणा हवं तर.

दहिसरच्या आमच्या खोलीत आई चष्मा लावून बसली. पहिल्या खेपेला तिने सगळीकडे व्हय दाबलं आणि जंगल जळालं. तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या खेपेला तिने प्रत्येक मागणी नीट वाचली आणि नाय दाबलं. शाप सुटला, झाडं हिरवी झाली. मी म्हटलं, आता दादालाही हेच सांग, देव काही रागावत नाही.

तिने फोन माझ्या हातात दिला.

"नाय म्हणूक येता माका," ती म्हणाली. "पण ह्यो खेळ आसा गो. ह्यातलो तो माजो झील न्हय."

रविवारी तिचा झील, आमचा दादा, कागद घेऊन आला. आईने त्याच्यासाठी शिरा केला, चष्मा लावला आणि सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दादावरचा राग जुनाच होता. आता आईचा येतो, आणि आम्ही दोघी त्याच एका खोलीत राहतो.