एका पानाचं चौथं प्रकरण

माझ्या पीएचडीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण एका पानाचं आहे. बाकीची प्रकरणं रीतसर जाडजूड, आकृत्या आणि समीकरणांनी भरलेली. संस्थेच्या ऑफिसातल्या बाईंनी छापील प्रत चाळली आणि म्हणाल्या, "मैडम, बीच के पन्ने छूट गए हैं." मी म्हटलं, "छूटे नहीं, निकाले हैं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि प्रत परत माझ्यापुढे सरकवली. मी ती तशीच उलट त्यांच्याकडे सरकवली.

माझा विषय आधी सांगते. एखाद्या व्यवस्थेत कुणीच मुख्य नसतो, प्रत्येकाला फक्त शेजारच्याचं कळतं, तरी बातमी सगळीकडे पोचते आणि सगळे ठरवून केल्यासारखे वागतात. हे कसं होतं, ते मी शोधत होते. पहिली दोन वर्षं हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ठिपक्यांवर चाललं होतं. ठिपके फार गुणी असतात, कधी उलट बोलत नाहीत.

मी तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. सरोजिनी नगरचा बाजार तिथून चालत जाण्यासारखा. एका थंडीत तिथे स्वेटरची घासाघीस संपवून मी पैसे पुढे केले, तर पुढे माणूसच नाही. जमिनीवर अंथरलेल्या चादरीची चार टोकं उचलून तो माझ्या स्वेटरसकट गायब झाला होता. वळून पाहिलं तर अख्खी गल्ली मोकळी. मग पालिकेची गाडी आली, परवान्याशिवाय बसणाऱ्यांचा माल उचलणारी. तिला उचलायला काहीच मिळालं नाही. ती गेली, आणि थोड्या वेळात स्वेटरवाला पुन्हा जागेवर हजर. "हाँ मैडम, कितने में तय हुआ था?"

मी तिथेच वेडी झाले. हे तर माझे ठिपके! फरक इतकाच की हे खरे होते, आणि माझ्या ठिपक्यांपेक्षा कितीतरी हुशार.

त्यानंतर वर्षभर मी दर शनिवारी दुपारी ज्यूसच्या दुकानाच्या पायरीवर वही उघडून उभी राहिले. तिथून मोठा रस्ता दिसायचा. गाडी दिसली की वही मिटायची, काखेत मारायची, मोबाईलवर वेळ सुरू करायची आणि कोण कुणाच्या मागोमाग उठतं ते पाहायचं. हळूहळू नकाशा तयार झाला. त्यात एक गोष्ट मला चक्रावून टाकायची. कोपऱ्यावर मोजे आणि केसांच्या क्लिपा विकणारी एक बाई होती. उलट्या क्रेटवर बसायची, चपला काढून क्रेटखाली ठेवलेल्या. मधे भिंत असल्यामुळे तिला रस्ता दिसत नव्हता. तरी जवळजवळ दर वेळी सगळ्यांच्या आधी ती चपला घालायची. ओरडणं नाही, खुणावणं नाही, नुसत्या चपला. ते पाहून समोरचा बेल्टवाला चादर उचलायचा, त्याला पाहून पुढचे दोघे, आणि मग सगळी गल्ली.

सहामाही आढाव्यात मी हे सादर केलं. बाजार कुठला ते सांगितलं नाही, पण हुरळून जाऊन एक करामत केली. पडद्यावरचा तो एकच ठिपका पुसला आणि दाखवलं, की आता बातमी कुठेच पोचत नाही. सगळे ठिपके जागच्या जागी बसून राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून आलेले एक सदस्य होते, शहरांच्या कारभारात सल्ला देणारे. ते पुढे झुकून म्हणाले, "मतलब इस एक पॉइंट को हटा दो, तो पूरा सिस्टम अंधा? लोकेशन के साथ चैप्टर भेजिए. इसमें तो प्रोजेक्ट बन सकता है."

प्रोजेक्ट म्हणजे मला नोकरी. माझी फेलोशिप त्याच महिन्यात संपत होती. माझे मार्गदर्शक सर खुशीत होते. त्या बाईचं काय होईल म्हणून मी जरा चाचरले, तेव्हा ते म्हणाले, "औरत का ज़िक्र हटा दो यार. नोड सेवेंटीन लिख दो, बस." मला ते पटलंही, हे लाज वाटली तरी सांगायला हवं.

घरी मावशी गवार मोडत बसली होती. मी कौतुकाने तिला प्रकरणातलं एक वाक्य मराठीत करून ऐकवलं. बिंदू सतरा, मोजे आणि केसांच्या वस्तू, चौकाची पूर्व बाजू.

"अगं, ही तर ती निळ्या शालीवाली!" मावशी म्हणाली. "एक रुपया कमी करत नाही बघ मेली. तिचं काय?"

मावशीला जे गवार मोडता मोडता कळलं, ते गाडीवाल्यांना कळायला कितीसा वेळ लागणार होता? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या सल्लागारावर होता, सरांवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. तिला मी एकदाही विचारलं नव्हतं, "बाई, तुमच्यावर लिहू का?" टाळ्या मात्र घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "चौथा चैप्टर नहीं दूँगी."

"पागल हो? उसके बिना थीसिस में बचता क्या है? एक साल और लगेगा."

"लगने दीजिए."

"फेलोशिप के बिना?"

"ट्यूशन पढ़ाऊँगी."

सरांनी पेन्सिल टेबलावर टाकली. माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्यासाठी खूप केलं आहे, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जड गेलं. पण नाही म्हटलं. घरी येऊन सगळ्या वह्या बाल्कनीत बादलीत बुडवल्या आणि कागदाचा लगदा होईपर्यंत पायांनी तुडवल्या. शाईने बादली निळी झाली म्हणून मावशी दोन दिवस बोलत होती. आता हे वाचून कुणी निळी शाल शोधायला निघणार असेल, तर त्याने खुशाल निघावं. शाल, मोजे, कोपरा, सगळं मी इथे बदलून टाकलेलं आहे.

मग त्या बाईकडे गेले. कबुली द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर थोडी शाबासकीही हवी होती. सगळं सांगितलं. तिने क्लिपा नीट लावता लावता ऐकून घेतलं.

"तो साल भर खड़ी रही, और कुछ नहीं लिखा?"

"नहीं. पर एक बात बताइए. यहाँ से सड़क तो दिखती नहीं. आपको सबसे पहले कैसे पता चलता है?"

ती हसली. "तुझे देखके. तू कॉपी बंद करती है ना? तू कॉपी बंद करे, मतलब गाड़ी."

वर्षभर मी ज्या ठिपक्याचा माग काढत होते, तो तिचा नव्हताच. टाळ्या पडल्या तेव्हा मी पडद्यावरून स्वतःलाच पुसलं होतं.

"और मेरे आने से पहले?" मी कसंबसं विचारलं.

"पहले कोई और था. कोई ना कोई होता है." मग तिने मला मोज्यांचे दोन जोड विकले, पूर्ण भावात.

म्हणजे चौथं प्रकरण दिलं असतं तरी ते चुकलेलंच होतं. एक ठिपका काढून तो बाजार आंधळा होत नाही. सर म्हणतात, "अब तो यही लिख दो, कि गलत था. किसी का नुक़सान नहीं." मी तेही लिहिणार नाही. त्या एका पानावर तीनच वाक्यं आहेत. हे प्रकरण लिहून झालं होतं. ज्यांच्याविषयी होतं, त्यांना मी विचारलं नव्हतं. म्हणून ते काढून घेतलं आहे. परीक्षकांनी हवं तर प्रबंध परत पाठवावा.

पदवी अजून मिळालेली नाही. मी सकाळ-संध्याकाळ गणिताच्या शिकवण्या घेते. शनिवारी दुपारी मात्र त्या पायरीवर वही उघडून उभी असते. लिहीत काहीच नाही. गाडी दिसली की मिटते.