प्रमिलाबाईंनी वाचलेले ठिपके

प्रमिलाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं गाव रनाळे. माझे थोरले दीर पितांबर वारल्यावर त्या बारा वर्षं नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर गेल्या. पथारी म्हणजे मैदानभर वाळत पसरलेली लाल मिरची. तिच्यातली रंग उडालेली फटकी वेचायची. त्या कमाईवर त्यांची लेक रोहिणी शिकली. ती आता सुरतेच्या एका लॅबमध्ये रक्तातल्या पेशी तपासते.

दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंनाच रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी आटोक्यात आला, तेव्हा रोहिणीने लॅपटॉपवर आईच्याच तपासणीचं चित्र दाखवलं. चौकटीत नुसते ठिपके. एक ठिपका म्हणजे एक पेशी, असं तिने समजावलं. पेशीवर जी खूण असेल तिला चमकणारा रंग चिकटतो, मशीन तो मोजतं, आणि ठिपका आपल्या जागी पडतो. वरचा उजवा कोपरा काळजीचा.

"तठे बी चार-दोन शेतस ना," त्या कोपऱ्यातले ठिपके दाखवत जाऊबाई म्हणाल्या.

"त्या विखुरलेल्या शेतस, माय. चांगल्या नव्या पेशी बी तठे पडतस. एक जागे दाटन्यात ते भ्यावानं."

जाऊबाई हसल्या. "मंग हाई ते पथारीनंच काम शे! एखादी फटकी उन्हानी व्हस. एक जागे दाट दिसनी ते समजी लेवानं, खाले ओल शे. एवढासाठे तुले सुरतले धाडं?"

मागच्या श्रावणात पुन्हा तपासणी झाली. घरात कानबाई देवी बसते, त्याच्या आदल्या दिवशी रोहिणी आली. "रिपोर्ट चांगला शे, माय," असं दारातूनच म्हणाली. मग मला गोठ्यामागे नेऊन रडली. दुखणं उलटलं होतं. "काकू, कानबाई उठेपर्यंत तरी तिले हसू दे." मी देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, ह्या खोट्याचं पाप मला लागू दे.

रविवारी कानबाईसाठी सुरतेहून आणलेल्या बांगड्या काढायला जाऊबाईंनी लेकीची पिशवी उघडली. वरच घडी घातलेला रिपोर्ट. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण चित्र त्यांनी उजेडाला धरलं आणि ठिपके दाटलेल्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी पीठ मळता मळता बघत होते. त्यांनी कागद होता तसा घडी करून ठेवला आणि बांगड्या घेऊन कानबाई सजवायला बसल्या.

सोमवारी कानबाई उठली, तिची बोळवण झाली. कानबाई म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेला नारळ जाऊबाईंनी माझ्या ओटीत घातला. "पुढला वरीसले तू बसाडजो."

"असं काय बोलस, माय? रिपोर्ट चांगला शे ना!" रोहिणी म्हणाली.

जाऊबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "पोरी, बारा वरीस फटकी येची मी. तूच दखाडं व्हतं ना चित्र?"

रोहिणीने आईच्या मांडीत डोकं घातलं.

"ऊठ. रोट खाई ले."

कानबाईच्या प्रसादाचे हे रोट घरातच संपवायचे असतात. त्या दिवशी आम्ही शेवटचा तुकडासुद्धा उरवला नाही.

जाऊबाई पौषात गेल्या. नारळ माझ्या देव्हाऱ्यात आहे. श्रावण जवळ आलाय. परवा रोहिणीचा फोन आला. बांगड्या कोणत्या रंगाच्या आणू, म्हणून विचारत होती.