डुलती शिळा

“कुठे उकळतं तळं, कुठे कललेला मनोरा, पण बोटानं डुलणारी शिळा आमच्याकडेच!” टेकडीवरच्या गाईडचं हे पालुपद. पण शिळा गडगडेल या धास्तीनं त्यानंच तिच्या बुडाशी सिमेंट लिंपलं, शहाणा कुठला! तेव्हापासून ती नुसत्या बोटानं ढिम्म हलेना. मग कुणी बोट लावलं, की हा मागे दडून पहारीनं रेटायचा.

एकदा एका आंधळ्या आजींनी बोट लावलं. शिळा डुलली. हरखलेल्या आजी तिला चाचपत मागे आल्या आणि त्यांचा हात पहार धरलेल्या घामट मुठीवर पडला. गाईडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी मूठ हलकेच थोपटली आणि पलीकडच्या सुनेला हाक दिली, “खरंच डुलते गं! तूही बोट लाव.”

सुनेनं बोट लावलं. त्यानं मान खाली घालून पुन्हा पहार रेटली.