देवाची मूठ

सुपात दळणाचे जोंधळे घेतले की आक्का त्यातली एक मूठ परत काढायची. चुलीमागे एक काळे गाडगे असे. मूठ त्यात सोडायची, हात झटकायची आणि कुणी ऐकत असो वा नसो, म्हणायची, "आदी त्येची. मग आपली."

'त्येची' म्हणजे देवाची. निपाणीतल्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत ही रीतच होती. दळणाच्या वेळी घरातल्या बाईने मूठभर धान्य देवाच्या नावाने बाजूला काढायचे आणि महिन्याकाठी, बेळगावच्या कॅम्पातून पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे पाद्री, येत त्या रविवारी, गाडगे देवळात नेऊन रिकामे करायचे. चर्चला ती माणसे देऊळच म्हणत. मूठ अर्थातच ज्याची त्याची. मंडळीचा कारभार बघणाऱ्या थोरल्या पंचांच्या बायकोचा पंजा एरवी चांगला भाकरीएवढा, पण देवाच्या वेळी तो चिमणीएवढा होतो, असे आक्काच मला हसत सांगायची. तिचा स्वतःचा हात वखारीत तंबाखू निवडून तपकिरी पडला होता. मूठ मात्र अशी भरगच्च, की चार दाणे बोटांतून सांडायचे. सांडलेले दाणेही ती वेचून गाडग्यातच टाकी.

आम्ही शेजारी. मी मूळची सदलग्याची, निपाणीला मुलींच्या शाळेत मास्तरीण. आई आणि मी एका खोलीत. मध्ये एक कूड. पलीकडे आक्का आणि तिचा नवरा. आम्ही जैन. आई आक्काच्या हातचे पाणी प्यायची नाही, पण डोके दुखू लागले की कुडाला तोंड लावून सांगायची, "आक्का, तुझ्या देवाला जरा सांग गं माझ्या डोक्याचं." पाण्याचा विटाळ होतो आणि प्रार्थनेचा होत नाही, हे शास्त्र आईने कुठून काढले होते कोण जाणे.

आक्काची प्रार्थना पहाटे जात्याबरोबर सुरू होई. बाकीच्या बायका जात्यावर ओव्या म्हणतात. ही देवाला कामे सांगायची.

"मास्तरीणबाईचा घसा बसलाय, बग जरा. घरमालकाची म्हस आटलीया, तिला दूद दे, म्हंजे त्येचं डोसकं थाऱ्यावर येईल. आन् ह्येंचा खोकला. त्येचं तर मी रोजच सांगतीया. तू ऐकत न्हाईस."

इथवर मराठीत चाले. देव फारच ऐकेनासा झाला की ती माहेरच्या कानडीत शिरायची. चिकोडीकडची ती. कानडीतून ती देवाला जे सुनवायची ते मला कळे, पण इथे लिहिण्यासारखे नाही. सुनावून झाले की जाते थांबे आणि शेवटी अगदी मऊ आवाजात येई, "जाऊ दे. तुला ठावं हाय सगळं."

सगळे ठाऊक असलेल्या देवाने तिला काय काय दाखवले होते? दोन मुले एकाच पटकीच्या साथीत गेलेली. नवरा, त्याला सगळे आप्पा म्हणत, जर्दा कुटायच्या वखारीत कामाला होता. त्या धुळीने त्याची छाती खाल्ली. उंच, देखणा माणूस. पण मी पाहिला तो दाराशी घोंगडे पांघरून, गुडघ्यांत मान घालून खोकणारा. त्याच्या वाट्याचे काम गेले, आक्काच्या एकटीच्या मजुरीवर घर आले. मग दुसरी मोठी लढाई आली आणि लढाईबरोबर रेशन आले. किडके जोंधळे, तेही तासन् तास रांगेत उभे राहून. आमच्या जैनांत उपास पुष्कळ. माझी आई उपाशी राहिली की तिला पुण्य लागे. कुडापलीकडे ती दोघे नुसतीच उपाशी राहत.

तरी मूठ चुकली नाही. मला हे बघवेना. एकदा मी फटकळपणे विचारले, "आक्का, देवाला जोंधळ्याचं काय करायचंय? त्याला का रेशन आहे?"

"त्येला न्हाय, पन आमाला लाज पायजे का नगं?" ती म्हणाली. "त्यो देतोय म्हनून सूप भरतंय. एक मूठ परत द्याला काय जातंय?"

"काय जातंय ते आप्पांच्या बरगड्यांना विचारा."

ती हसली. तिला राग कधी पटकन येत नसे. मी घरातले अदलीभर जोंधळे गुपचूप तिच्या सुपात ओतले, तर तिने माझ्यासमोर त्यातलीही एक मूठ काढून गाडग्यात सोडली. "तुमचं बी पुन्य हू दे," म्हणाली. अशा बाईपुढे डोके फोडायचे तरी कुठे?

एके दिवशी संध्याकाळी ती वखारीतून आली आणि पलीकडचा तिचा आवाज मला निराळाच लागला. तव्याला करपलेले दाणे चिकटले होते. गाडग्यातल्या धान्याला खड्डा पडला होता. दुपारी एकटा असताना आप्पाने देवाच्या गाडग्यातले मूठभर जोंधळे भाजून खाल्ले होते.

"भूक लागलती गं," एवढेच तो म्हणाला. लहान पोराने सांगावे तसे.

ती ओरडली नाही. कुडापलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला, मग कढी ढवळल्याचा, मग "आदी खावा, मग बगू" असा. मला वाटले, संपले. तुम्हा-आम्हाला असेच वाटेल. खाल्ले, नवऱ्याच्याच पोटात गेले, गाडगे उद्या भरेल. पण आक्का देवळात बसून जे ऐके ते सगळे खरे मानी. कबूल करावे, म्हणजे माफी होते, हे तिने तिथे इतक्यांदा ऐकले होते की त्यात फसवणूक असू शकते हे तिच्या मनाला शिवलेसुद्धा नाही. तिची चूक म्हणाल तर ती एवढीच.

पाळकसाहेब आले त्या रविवारी तिने आप्पाला आंघोळ घातली, धुतलेला सदरा चढवला आणि हाताला धरून देवळात नेले. सगळ्या मंडळीपुढे त्याला उभे करून म्हणाली, "ह्येंनी देवाच्या मुठीतलं खाल्लंय. भुकेनं खाल्लंय. मंडळीनं माफी करावी."

मंडळीने थोरल्या पंचांकडे पाहिले. थोरले पंच म्हणजे पेन्शनीतले, काळा कोट, घशात कायम काहीतरी अडकल्यासारखा आवाज. त्यांच्या घरी जोंधळे खात नसत, तांदूळ खात. ते म्हणाले, देवाच्या वाट्यात हात घालणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. आज एकाला सोडले तर उद्या सगळी गाडगी रिकामी होतील. पाळकसाहेब तरुण होते, महिन्यातून एकदा येणारे, पंचांच्याच घरी जेवणारे. त्यांनी मान खाली घातली. ठरले ते असे, की पुढच्या सुगीच्या सणापर्यंत आप्पाला प्रभुभोजन बंद. पाव मोडून आणि मनुकांचा रस वाटून ही माणसे प्रभूची आठवण करतात, ते प्रभुभोजन. त्यांच्यात त्याहून मोठे काही नाही. ते बंद म्हणजे माणूस पंगतीतून उठवल्यासारखाच.

परत येताना आप्पा वाटेत दोनदा बसला. आक्का घरी आली आणि मला म्हणाली, "मास्तरीणबाई, म्याच न्हेलं हो त्येस्नी. माज्या हातानं." तेव्हा तिच्या तोंडावर जे होते ते मी विसरलेले नाही. भुकेली बाई मी पाहिली होती, पण विश्वासाने तोंडघशी पडलेली बाई पहिल्यांदा पाहिली. मला त्या काळ्या कोटाचा इतका संताप आला, की आजही तो माणूस डोळ्यांपुढे आला की माझे दात आवळतात.

सुगी लांब होती. आप्पाच्याने थांबवेना. पावसाळा सरत आला तसा तो अंथरुणाला खिळला. अन्न मागत नव्हता, औषध मागत नव्हता. मागत होता ते एकच. "मला वाढतील का गं?" असे तो विचारी. पंगतीत वाढतात तसे. आक्का वखारीत खाडा करून थोरल्या पंचांच्या दारात जाऊन उभी राहिली. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. शिक्षा अर्धी सोडता येत नाही, म्हणाले. पाळकसाहेबही पुढल्या महिन्यात येतील, तेव्हा बघू.

त्याच दुपारी ती आमच्या दाराशी आली. मला सुट्टी होती.

"चार मनुका असतील का, मास्तरीणबाई?"

आईच्या कोरड्या खोकल्यासाठी आणलेल्या मनुका घरात होत्या. आईनेच उठून त्या द्रोणात घातल्या. कशाला हव्यात, हे तिने विचारले नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच आक्काचा उंबरा ओलांडून ती आत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते.

आक्काने मनुका वाटीतल्या कोमट पाण्यात कुस्करल्या. सकाळची जोंधळ्याची भाकरी घेतली. डोळे मिटले, मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "त्येनं मोडून दिलतं, तसं मी देतीया. घ्या."

आप्पाने तिच्याकडे पाहिले. "हे चालतंय का गं?"

"चालतंय का न्हाय ते माजं मी बगते. तुमी खावा."

त्याने खाल्ले. वाटी तिने ओठांना लावली. थोडा रस हनुवटीवर ओघळला तो तिने पदराने टिपला. आप्पा उताणा पडून आढ्याकडे बघत राहिला. इतके शांत तोंड मी त्याचे कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत तो गेला.

गोष्ट आम्हा तिघींतच राहिली असती. आम्ही जैन मायलेकी कुणाला सांगणार होतो? पण लपवणे आक्काला जमत नसे. पुढच्या रविवारी ती देवळात उठली आणि सगळे सांगून मोकळी झाली. मग जो गहजब झाला! बाईमाणसाने पाळकाचे काम केले. पावाच्या जागी भाकरी. आणि मनुका, त्यासुद्धा जैनाच्या घरच्या! 'चुकले' म्हण, नाहीतर मंडळीत बसू नकोस, असे थोरल्या पंचांनी सुनावले.

"चुकले म्हनलं तर खोटं हुईल," आक्का म्हणाली आणि बाहेर येऊन पायरीवर, चपलांच्या शेजारी बसली.

तिथेच ती पुढे दर रविवारी बसे. ऊन असो, झड असो. आत गाणे सुरू झाले की तीही बाहेरून गायची, खणखणीत आवाजात, पेटीच्या थोडी पुढेच. पेटीवाला आतून तिच्या मागे धावायचा. मंडळीला ताल बाहेरून मिळतो, असे मी म्हटले तर ती पोट धरून हसली.

एकदा मी विचारलेच, "आक्का, इतकं होऊन तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतोय की! पंचांचा लई येतोय. जात्यात घालून भरडावं वाटतंय."

"आणि देवाचा?"

"त्येचा कशापायी?" तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. "त्यो कुटं पंचांत बसलाय?"

मला हे पटले, असे मी म्हणणार नाही. मला वाटते, तिच्या देवाने एकदा तरी त्या ओसरीवर जाऊन सुपारी कातरणाऱ्या हाताला धरायला हवे होते. तसे काही झाले नाही. थोरले पंच पिकल्या पानासारखे सुखाने गळाले. त्यांच्या अंत्यविधीला फुले इतकी होती, की मुलींनी शाळेत येऊन वर्णन केले.

आक्का गेली तेव्हा माझी बदली सदलग्याला झाली होती. मला उशिरा कळले. तिला शेवटचे पाहिले ते त्याच्या आदल्या वर्षी, एका रविवारी मी निपाणीला आले होते तेव्हा. लढाई संपली होती, मंडळीला निपाणीतच राहणारे नवे, वयस्क पाळकसाहेब मिळाले होते. मी देवळासमोर पोचले तेव्हा ते स्वतः दाराबाहेर आले होते. आक्का पायरीवर, केस पांढरे, हात अजून तपकिरी.

"आक्का, आत चला," ते म्हणाले. "काही म्हणावं लागणार नाही. मंडळीने सगळं माफ केलंय."

"माजं ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "आदी ह्येंना आत घ्या. मग मी येते."

पाळकसाहेब गोंधळले. "ते तर वारले ना, आक्का. त्यांना आता कसं..."

"त्येच की. हुते तवा घेतलं न्हाईसा."

आत पेटीचा सूर लागला. आक्काने पाय जवळ ओढून घेतले आणि पाळकसाहेबांना दारातून जायला वाट करून दिली.