मेदकच्या चर्चमधली पेटी

माझ्या मुलाचं, श्रीकांतचं, ठरत आलेलं लग्न एका अनोळखी माणसाच्या मयतात मोडलं. माणसाला तासाभरानं पुरलं, लग्नाला तिथल्या तिथे.

तेव्हा हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागून पुण्याची माणसं. विद्यानगरात राहायला आलेले आपटे त्यातलेच. श्रीकांतची तिशी उलटलेली, केस निम्मे गेलेले. अंबरपेठेतल्या आमच्या दोन खोल्या बघून मुलीवाले चहासुद्धा अर्धा ठेवून जात. आपट्यांची मुलगी मात्र "विचार करते" म्हणाली. (तेवढंही आम्हाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं!) पोहे खाऊन बघण्याचा कार्यक्रम आपटेबाईंना नको होता. म्हणाल्या, "सगळे मिळून मेदकचं जुनं चर्च बघू. मुलं मोकळेपणी बोलतील."

गेलो. चर्च कसलं, दगडाचा डोंगर! टोकदार कमानी, रंगीत काचा, आणि आत दुपारीसुद्धा तिन्हीसांजेसारखं. मुलं खांबाआड बोलत होती. मुलगी चक्क हसली! मी मनातल्या मनात लग्नपत्रिका छापून टाकल्या.

तेवढ्यात दारावरचा रखवालदार धावत आला. "पेट्टे वस्तुंदम्मा! जरगंडि, जरगंडि!"

"काय म्हणतोय हो?" आपटेबाईंनी विचारलं.

माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. पण ऐट केवढी! म्हटलं, "विहीणबाई, पेटी येतेय म्हणतो, सरका. भजन असणार. चला पुढे, जागा धरू."

"अहो, अजून ठरलं नाहीये," त्या म्हणाल्या, पण आल्या. मुलांनाही मी हाक मारून पुढच्या बाकावर बसवलं. मागून माणसं येऊ लागली. सगळी पांढऱ्या कपड्यांत, माना खाली.

"काय शिस्त आहे बघा!" मी म्हणाले.

पेटी आली. चौघांच्या खांद्यांवरून.

"एवढी मोठी पेटी?" आपटे कुजबुजले.

"चर्च काय लहान आहे?"

ती आमच्या गुडघ्यांपाशी ठेवली आणि झाकण उघडलं. आत एक म्हातारे गृहस्थ, कोट घालून निजलेले. आपटेबाई किंचाळल्या. गेलेल्याच्या बायकोला वाटलं, कुणी जवळचं आलंय. तिनं त्यांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की विचारू नका! आता त्या बाईला ढकलून उठायचं कसं? शेवटची प्रार्थना होईपर्यंत बसलो.

बाहेर येताच आपटे कडाडले, "आम्ही मुलगा बघायला आलो होतो. तुम्ही मढं दाखवलंत!"

"मग... मुलांचं काय?" मी विचारलं.

"आंघोळ करून कळवतो."

अजून न्हातायत.

श्रीकांत आणि मी घरी आलो. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हटलं, "बादलीभर पाणी आण रे. आंघोळ केल्याशिवाय अपशकुन जायचा नाही."

"आंघोळीनं तू कुठं जाणार आहेस, आई?" तो म्हणाला आणि पाणी आणायला गेला.