डोंगराकडे बघा, हसू नका!

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पंगतीतच पानात वाढले जातात. पण मी खदानींचे फोटो काढायला लागलो आणि कळलं, की लग्नं त्यामानाने फारच शिस्तीत होतात! हार्ड डिस्क भरली की जुने फोटो उडवता येतात. किस्से उडवता येत नाहीत. उलट जो सांगतो तो त्यात पदरची भर घालतो. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावेत. भर घालायचीच तर निदान ती आपली असावी.

आमचं टोळकं तिघांचं. मी शहापूरचा स्टुडिओवाला. दुसरे सर, मुरबाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, अत्यंत शांत आणि त्यामुळेच धोकादायक. तिसरी सुरेखा, डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणारी. वाशिंदला कंपनीत पॅकिंगचं काम करते आणि मोबाइलवर फोटो काढते. पाड्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून एकमेकांशी बोलायची आहेत.

काम एकच. डोंगर फोडून खडी नेणाऱ्या खदानींचे फोटो काढायचे आणि लोकांपुढे टांगायचे. सुरेखाच्या पाड्यामागच्या डोंगरावरही एका क्रशरवाल्याची नजर होती. त्या डोंगराच्या पायथ्याला पाड्याचा एकुलता एक झरा आहे. वर सुरुंग लागले की खाली झरा गेला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे सर फोटोला कला म्हणायचे, मी धंदा म्हणायचो, आणि सुरेखा म्हणायची, "तुमी कायपण म्हणा, आमच्या घरचा पाणी हाय तो."

* * *

पहिल्यांदा गेलो मुरबाडकडच्या एका चालू क्रशरशेजारी. तिथे एका म्हाताऱ्या आजोबांचं घर. अंगण, वालाचा वेल, आंब्याची कलमं, सगळ्यावर पांढरी धूळ. पानांचा हिरवा रंग शोधावा लागायचा. सर म्हणाले, "रविवारी सकाळी उजेड चांगला असेल, तेव्हा येतो फोटोला."

रविवारी गेलो, तर अंगण सारवलेलं! ओटा धुतलेला! वालाच्या वेलाचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलेलं! आणि आजोबा नवीन टोपी घालून मधोमध खुर्चीवर.

सर ओट्यावर मटकन बसले. "आजोबा, अहो, धूळ कुठं गेली?"

"फोटो काढनार म्हनलात ना? मंग घान कशी दाखवाची? पावनंरावळं काय म्हंतील!"

मी कॅमेरा बॅगेत घालायला लागलो. आजोबांनी हात धरला. "नाराज नका होव. चा ठेवलाय सूनबाईनं. चा होयस्तवर जसंच्या तसं होतंय."

झालं! बशी कपाखाली नाही, कपावर ठेवायची असते, हे मी त्या घरात शिकलो.

* * *

आजोबांचा तो धुळीतला फोटो मोठा करून हवा होता, म्हणून नेहमीच्या लॅबला पाठवला. माझे लग्नाचे अल्बम तिथेच होतात. प्रिंट आली. आजोबांच्या मागे निळंशार आकाश, वेल हिरवागार, आणि आजोबा तर असे गोरे झालेले की त्यांच्यासाठी स्थळं यावीत!

मी फोन लावला. लॅबवाला खुशीत. "दादा, तुमच्या फोटोत धूर लय होता. सगळा क्लीन करून दिला. चार्ज नाय लावला, आपला घरचा माणूस!"

आम्ही महिनाभर ज्याच्या मागे होतो, ते प्रदूषण त्याने दुपारच्या जेवणाआधी संपवलं होतं. सरांनी ती प्रिंट फेकू दिली नाही. अजून त्यांच्या भिंतीवर आहे. म्हणतात, "असू दे. कधीतरी असा फोटो खराखुरा काढायचाय."

* * *

एका खदानीच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "फोटो अलाउड नाय."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "प्री-वेडिंग आहे हो!"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मी, सर, आणि ट्रायपॉड. "जोडी कुठंय?"

आता बोललोय तर निभावणं आलं. मी सरांकडे बोट दाखवलं. सरांच्या मिशा पांढऱ्या, डोक्यावर चंद्र.

"आणि बाई?"

मी ट्रायपॉडचे स्क्रू आवळायला लागलो. सर मात्र दूर डोंगराकडे बघत शांतपणे म्हणाले, "ती नाही म्हणाली. पैसे भरून झाले होते. म्हटलं, एकट्याचे काढू."

वॉचमनचा चेहराच बदलला. त्याने फाटक उघडलं, सरांचा खांदा थोपटला आणि स्वतः पुढे होऊन आम्हाला वरच्या कड्यावर घेऊन गेला. "इथनं व्ह्यू भारी येतो, सर. मन मोकळं होईल."

तिथून अख्खा कापलेला डोंगर एका फ्रेममध्ये येतो. आमचा सगळ्यात गाजलेला फोटो तो. निघताना वॉचमन सरांना म्हणाला, "टेन्शन नका घेव, अजून वय गेलं नाय!"

* * *

सुरेखाचे फोटो मात्र आम्हा दोघांना आधी कळायचेच नाहीत. एकदा तिने ग्रुपवर एक फोटो टाकला. माळ, थोडं गवत, वर आभाळ. बस्स.

सरांनी फोन केला. "सुरेखा, यात काय आहे?"

"मोहाचं झाड, सर."

"कुठंय झाड?"

"तोडलं ना रस्त्याला! म्हणून तर काढलाय." मग थोडं थांबून म्हणाली, "माझी आई तिथं मोहाची फुलं येचायला बसायची, तिथनंच उभं राहून काढलाय."

सर एरवी दर फोटोला फ्रेमिंग शिकवतात. त्या दिवशी काही शिकवलं नाही. मलाही खरंच वाईट वाटलं. आता मी कुठेही प्रदर्शन टांगलं की आधी तो फोटो लावतो. लोक विचारतात, यात काय आहे. मी म्हणतो, जिने काढलाय तिला विचारा.

* * *

आणि मग ती ग्रामसभा.

पाड्यामागचा डोंगर क्रशरला द्यायचा का, यावर हात वर करून निकाल लागणार होता. क्रशरच्या बाजूने बोलत होते सुरेखाचे चुलते, तात्या. गावचे उपसरपंच. माणूस वाईट नाही. पोरांना कामधंदा मिळेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. झऱ्याचा विषय निघाला की म्हणायचे, "तो झरा होळीला आटतो. आटल्या झऱ्यासाठी कामधंदा सोडाचा काय?"

आमची पंचाईत झाली. झऱ्याचे आमचे सगळे फोटो पावसाळ्यानंतरचे. ग्रामसभा थंडीत. उन्हाळ्यातलं पाणी दाखवायचं कुठून?

सुरेखाने मला विचारलं, "दादा, आमच्याकडं लग्नं कवा लागतात?"

"वैशाखात."

"आन् हळद उतरवाला जोडी कुठं नेतात?"

मी कपाळावर हात मारला! पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला झऱ्यावर नेतात, एकमेकांवर पाणी उडवायला लावतात. कॅमेरा भिजतो म्हणून मी आजवर त्या कार्यक्रमाला शिव्याच घातल्या होत्या.

ग्रामसभेच्या दिवशी बायका आल्या त्या काखेत अल्बम घेऊन. कोणाचा पिशवीत, कोणाचा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. सतरंजीवर अल्बम उघडून मांडले. भर वैशाख, आणि पानापानावर गुडघाभर पाण्यात उभे नवरदेव! माणसं ग्रामसभा विसरून आपापली जवानी शोधायला लागली.

तात्या मागे हटेनात. "फोटोचं काय खरं? टँकरचं पानी ओतलं आसंल!"

तशा काकी उठल्या. तात्यांच्या बायको. सभेत कधी तोंड न उघडलेल्या. आपला अल्बम त्यांनी तात्यांच्या मांडीवर ठेवला, पान उघडलं. पानात तात्या होते. काळेभोर केस, चिंब भिजलेले, तोंडभर हसत. समोर ओंजळ भरून काकी.

"तवा रस्ता तरी होता का पाड्याला?" काकी म्हणाल्या. "टँकर काय तुमी पाठीवर आनलाव?"

सभा हसून हसून लोळली. तात्या हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो बघत बसले. सरपंचांनी दोनदा हाक मारली, तरी मान वर नाही.

शेवटी सरपंच म्हणाले, "क्रशर नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

बायकांचे हात आधी गेले, मग एकेक करत बाप्यांचे. तात्यांचे दोन्ही हात अल्बमवर होते.

काकींनी त्यातला एक उचलला आणि वर धरला. तात्यांनी तो खाली घेतला नाही.