आमचे जावई आणि गियरची गाडी

ग्रीसमधल्या कुठल्याशा चढावर आमच्या जावयाने गाडी थांबवली आहे, ती मागे घरंगळते आहे आणि मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची नात अनुष्का बसलेली आहे. गेला आठवडाभर डोळे मिटले की मला हेच दिसतं.

हर्षल मूळचा बार्शीचा. डिप्लोमा करून कतारला आला तेव्हा उन्हात साइटवर उभा असायचा. ते तो विसरला असेल, मी नाही. आता हमद पोर्टला एसीत बसून जहाजातून उतरलेला कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा ते ठरवतो. त्याने सांगितलं की भलेमोठे डबे हलतात, त्यामुळे माणसंही हलतात असा त्याचा समज झालाय. माझी मुलगी निशिगंधा हलतेही. एमबीए झालेली ही पोरगी हॉटेलात काय मागवायचं ते नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवते.

जेवताना तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वाद अंगाशी आला की "यल्ला, खलास", म्हणजे चला, संपलं, असं अरबीत म्हणून हात धुवायला उठतो. एकच माणूस असं आहे ज्याला तो उलटून बोलत नाही, ते म्हणजे त्याची आई. कामावरून निघाला की रोज गाडीतून बार्शीला फोन करतो. आमच्या विहीणबाई राजश्रीताई नको म्हणाल्या म्हणून त्याने एकदा ठरलेली नोकरीही सोडली होती.

या सुट्टीत इटली आणि ग्रीस, तेही स्वतः गाडी चालवत, हा त्याचा बेत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अर्ध्या दोहाला सांगून झालेला. गेल्या शुक्रवारी अल वक्राला आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्याने तो टीव्हीवर लावून दाखवला.

"नेपल्सला गाडी घ्यायची. बारीहून रात्रीची फेरी, गाडीसकट बोटीत. सकाळी ग्रीस. तिथून डोंगरातून खाली पात्रास, आणि परत फेरी. लोक टूरवाल्यांच्या मागे मेंढरासारखे फिरतात. हसू येतं मला."

मग गाडीचा आतला फोटो आला. साताऱ्यात कॉलेजात शिकवत होते तेव्हा मी कितीतरी वर्षं मारुती चालवली आहे. दांड्यावरचे आकडे मला लगेच दिसले.

"हर्षलराव, ही गियरची गाडी आहे."

तो थबकला. दोहात भाड्याची गाडी ऑटोमॅटिकच मिळते, कुणी विचारतसुद्धा नाही. त्यानेही पाहिलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर स्पष्ट दिसलं. तेव्हाच "अरेच्चा" म्हणाला असता तर विषय संपला असता.

"मुद्दाम घेतलीय," तो म्हणाला. "डोंगरात गियरच लागतो. मी मामाच्या जीपवर शिकलोय, आई. क्लास लावून नाही."

"कधी शिकलात?"

"अकरावीत."

"म्हणजे लायसन्स नसताना."

"आई, प्लीज," निशी म्हणाली. आमचे हे भात कालवत राहिले.

हर्षल ताडकन उठला. खाली किराणा दुकानवाल्या मजीदची जुनी पिकअप आहे, गियरची. तिची किल्ली मागून आणली. "चल अनुष्का, आजीला दाखवू." पोरीला राहू द्या म्हटलं, तर म्हणाला, "घाबरवून ठेवू नका तिला."

आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. तिथून वर येणाऱ्या चढाच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. तो निम्म्यावर आला आणि वरून एक लँड क्रूझर आत वळली, म्हणून त्याला थांबावं लागलं. ती मागे झाली. हर्षलची गाडी सुरू होऊन बंद पडली. पुन्हा तेच. मग एक गचका बसला आणि ती मागे घरंगळायला लागली.

"बाबा, वी आर गोइंग बॅकवर्ड्स!" अनुष्का खिदळत ओरडली. तिला तो खेळ वाटला.

भिंतीला घासून गाडी थांबली. मजीद धावत आला.

"क्लच गया है इसका," हर्षल उतरता उतरता म्हणाला.

"साब, पिछले महीने नया डलवाया."

"तो गलत डाला है."

"जुनीच तर गाडी आहे, आई," निशी म्हणाली. अनुष्काचा पट्टा सोडवताना तिचा खटका दोनदा चुकला. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिलाही कळलं.

मग ते जे मदिनत खलीफाला त्यांच्या घरी गेले, ते आले नाहीत. काल संध्याकाळी मी निशीला फोन केला.

"ऑटोमॅटिक घ्यायला सांग त्याला."

"सांगितलं. म्हणतो, तुझ्या आईने टाळ्या वाजवाव्यात म्हणून बदलू का? आई, तू सगळ्यांसमोर बोलली नसतीस ना, तर त्याने गुपचूप बदलली असती."

"म्हणजे चूक माझी."

"तसं नाही म्हणत मी."

"मग अनुष्काला तरी माझ्याकडे ठेवा."

"तो म्हणालाच होता, आई शेवटी यावरच येणार."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला जायचंय, आई. शांतपणे जायचंय."

यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला तो आवडतच नाही. त्याने ऑटोमॅटिक घेतली असती तर तू तिच्या रंगाला नावं ठेवली असतीस." आणि कूस बदलून झोपले.

आवडत नाहीच. पण ते विमानात बसतील परवा, आणि गाडीत माझी नात असेल.

मुलीच्या आईने विहिणीकडे जावयाची तक्रार करायची नाही. माझ्या आईने कधी केली नाही, मीही आजवर केली नाही. दिवाळी-पाडव्याला "सगळे छान आहेत ना" एवढंच आमचं बोलणं. मी बोलले की काय होईल तेही मला ठाऊक आहे. फोन कुणी केला हे हर्षलला विचारावंही लागणार नाही. शुक्रवारचं जेवण बंद होईल. निशीला वर्षानुवर्षं ऐकावं लागेल, आणि ती ते मलाच ऐकवेल. कदाचित अनुष्काला माझ्याकडे सोडणंही थांबवतील.

थांबवू देत. धडधाकट असली म्हणजे झालं.

रात्रभर मी जागीच आहे. इथे अजून अंधार आहे, पण तिकडे बार्शीला आता उजाडत असेल, राजश्रीताई लवकर उठतात. आडून आडून बोलायचं नाही. तुमच्या मुलाला चढावर गाडी आवरत नाही, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तो फक्त तुमचं ऐकतो. एवढंच सांगायचं.

नंबर लावते.